ब्रेक नसलेली मोटरसायकल कोणाच्या डोक्यातून निघाली? (स्पीडवेचे सुरुवातीचे दिवस)

तिरकी_सीट

परवा रात्री झोप येईना म्हणून फोनवर काहीबाही बघत पडलो होतो, तर १९२८-२९ च्या सुमारची इंग्लंडमधली डर्ट ट्रॅक रेसची एक जुनी फिल्म समोर आली. आवाज नाही, काळीपांढरी, दोनेक मिनिटांची. लंबगोल ट्रॅक, त्यावर कोळशाची राख पसरलेली, आणि चार गाड्या. वळण आलं की गाडी चाललीय डावीकडे आणि पुढचं चाक बघतंय उजवीकडे! मागचं चाक बाहेर फेकलेलं, रायडरचा डावा पाय मागे फरफटतोय आणि मागे राखेचा पदर उडतोय. मी ते दहा वेळा बघितलं, झोप गेली ती गेलीच.

मग वाचत सुटलो. स्पीडवे म्हणतात याला. चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेने, सगळा खेळ साधारण एका मिनिटात खल्लास. गाडीला गिअर एकच आणि ब्रेक नाही. म्हणजे ब्रेक कमजोर वगैरे नाही, ब्रेक नाहीच, पुढेही नाही मागेही नाही. आणि हे आजही तसंच आहे.

तर धागा काढायचं कारण असं की ब्रेक नसलेली रेसची गाडी हे डोकं चालवलं कोणी? माझं मत सांगून टाकतो म्हणजे भांडायला बरं. ही गाडी कुठल्याही ड्रॉइंग बोर्डावर जन्मलेली नाही, राखेत पडून पडून गुडघे फोडून घेतलेल्या पोरांनी ती घडवली, इंजिनिअर लोक मागाहून आले आणि त्यावर नावं टाकली. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा, ज्यांना कळत नाही त्यांनीही लिहा, तसाही इथे नियम तोच आहे.

शेंगदाणा_लाडू

पहिला! आता वाचतो.

मोरीतला_बेडूक

ब्रेक नसलेली गाडी आमच्या कॉलेजात सगळ्यांकडे होती. लूना म्हणायचे तिला.

हंटर_व्हॅलीतली_मावशी

अरे वा, या विषयावर मराठीत कोणी धागा काढेल असं वाटलं नव्हतं. मी न्यूकॅसलला राहते, ऑस्ट्रेलियातल्या, आणि या खेळाचं जन्मगाव मानतात ते मेटलंड माझ्या घरापासून अर्ध्यापाऊण तासावर आहे. इथली गोष्ट अशी सांगतात. जॉनी हॉस्किन्स नावाचा मूळचा न्यूझीलंडचा माणूस इथल्या कृषी संस्थेचा सेक्रेटरी होता. म्हणजे आपल्याकडे तालुक्याला कृषी प्रदर्शन भरतं ना, बैल, कोंबड्या, भोपळे, बक्षिसं, तसलं ते ग्राउंड. संस्थेला पैसे हवे होते. त्याने १५ डिसेंबर १९२३ ला रात्री विजेचे दिवे लावून कार्निव्हल केलं आणि त्यात ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती ठेवल्या. दिव्यांच्या उजेडात, मातीत घसरत जाणाऱ्या गाड्या! लोक वेडे झाले.

पुढे त्याने हेच न्यूकॅसलला केलं, सिडनीला केलं, पर्थला केलं, आणि १९२८ साली ऑस्ट्रेलियन रायडर्सची टोळी जहाजात घालून थेट इंग्लंडला गेला. आयुष्यभर मग हेच केलं त्याने, १९८७ ला वारला तेव्हा नव्वदीच्या पुढे होता. तेव्हा डोकं कोणाचं विचाराल तर ते रायडरचंही नाही आणि इंजिनिअरचंही नाही, ते एका जत्रेच्या सेक्रेटरीचं आहे.

काडीपेटी

मावशी, जरा थांबा. मेटलंडच्या आधीही अमेरिकेत घोड्यांच्या मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकली पळत होत्याच की, कित्येक वर्षं आधीपासून. आणि खुद्द ऑस्ट्रेलियातही पळत होत्या. हॉस्किन्सने फक्त चांगलं मार्केटिंग केलं. तो स्वतः ती मेटलंडची गोष्ट दर वेळी थोडी वाढवून सांगायचा म्हणे. आपल्याकडे नाही का, प्रत्येक गावात मिसळ पहिल्यांदा त्यांच्याच गावात झालेली असते.

हंटर_व्हॅलीतली_मावशी

काडीपेटी, नाव सार्थ केलंस. मान्य, मातीत मोटरसायकल पहिल्यांदा कोणी पळवली हा वाद संपणार नाही. पण एकदा झालेली शर्यत वेगळी आणि दर आठवड्याला तिकीट काढून लोक येतील असा धंदा उभा करणं वेगळं. आणि त्याला दुकानदारी म्हणशील तर म्हण, माणूस होताच तसला. पुढे इंग्लंडमध्ये टीम मॅनेजर असताना त्याची हॅट डोक्यावरून ओढून मैदानात पेटवायची हा त्याच्या रायडर्सचा नेहमीचा कार्यक्रम होता आणि प्रेक्षक त्याची वाट बघायचे.

शेंगदाणा_लाडू

दर आठवड्याला नवीन हॅट?? हा खर्च कृषी संस्था देत होती का.

एकच_सिलेंडर

इंग्लंडमध्येही हाच वाद आहे. ७ मे १९२७ ला कॅम्बर्ली हीथला शर्यत झाली होती, पण ती वाळूत आणि घड्याळाच्या दिशेने, म्हणजे उलटी. जूनमध्ये मँचेस्टरजवळ ड्रॉइल्सडेनला झाली. तरी सगळे नाव घेतात ते १९ फेब्रुवारी १९२८ च्या हाय बीचचं. लंडनच्या कडेला एपिंग फॉरेस्ट, तिथे किंग्ज ओक नावाचा पब आणि पबच्या मागे ट्रॅक. एका मोटरसायकल क्लबने भरवली होती. अपेक्षा तीनेक हजार लोकांची, लोटले त्याच्या कितीतरी पट, तीस हजारापर्यंतचे आकडे सांगतात. ट्रॅकच्या बाहेर माणसं, ट्रॅकच्या आतल्या गोलातही माणसं, मधे फक्त दोर! त्यात बिली गॅलोवे आणि कीथ मॅके हे दोन ऑस्ट्रेलियात पळवून आलेले रायडर होते. हे दोघे असे घसरवायला लागले की इंग्लिश पोरं बघतच राहिली, कारण त्यांना तोवर वळणावर गाडी सावकाश घ्यायची असते असंच माहीत होतं.

तिरकी_सीट, तुझ्या मतावर नंतर लिहितो, आत्ता गॅरेज उघडायचंय.

बैलगाडा_विनाकारण

दोराच्या आतबाहेर माणसं म्हणजे आमच्या गावची शर्यतच की हो. फरक एवढाच की आमच्या बैलांनाही ब्रेक नसतो आणि ते घसरतही नाहीत.

कुंदाताई_नाशिक

मला मोटरसायकलमधलं शून्य कळतं पण एक शंका. पुढचं चाक उजवीकडे वळवून गाडी डावीकडे कशी जाते? घरी ह्यांना विचारलं तर ते म्हणाले "जाते तशीच". हे उत्तर नाही.

एकच_सिलेंडर

ताई, पाटाखालून ताट सरकवता तसं समजा. नाही, हे चुकलं. लहानपणी सायकलवर स्किड मारायचो ना आपण? मागचा ब्रेक दाबून सायकल झटक्यात आडवी. तेव्हा मागचं चाक बाहेर जातं आणि सायकलचं तोंड आत वळतं. इथे तेच, फक्त ब्रेकऐवजी थ्रॉटल. वळणाच्या तोंडाशी गाडी डावीकडे झुकवायची आणि थ्रॉटल उघडायचा. मागचं चाक इतकं जोरात फिरतं की जमिनीची पकड सुटते आणि ते बाहेरच्या बाजूला जायला लागतं. आता तुम्ही काहीच केलं नाही तर गाडी गोल फिरून तुम्हाला खाली घालेल. म्हणून हँडल उजवीकडे, म्हणजे घसरण जिकडे चाललीय तिकडे. पुढचं चाक वळवायचं काम करतच नाही, ते फक्त सांभाळतं. वळवतं मागचं चाक. जास्त थ्रॉटल दिला की गाडी आणखी आडवी होते, कमी केला की सरळ होते. म्हणजे स्टिअरिंग उजव्या मनगटात.

आणि आडवी गाडी मातीला घासत जाते तेव्हा वेग आपोआप उतरतो. तो आडवा टायर हाच ब्रेक आहे. पाणी उडवत, चिखल उडवत, पण ब्रेकच.

कुंदाताई_नाशिक

आता कळलं!! ह्यांना वाचून दाखवलं, म्हणाले "मी तेच म्हणत होतो".

मोरीतला_बेडूक

तरीपण, असला तर काय बिघडलं असतं ब्रेक? नाही दाबायचा.

एकच_सिलेंडर

चौघं एकमेकांना चिकटून आडवे घसरत चाललेत, दोघांमध्ये हातभर अंतर. पुढच्याने घाबरून ब्रेक दाबला तर मागचा कुठे जाईल? त्याला थांबायचा मार्ग नाही, तो थेट पुढच्याच्या पाठीत. कोणाकडेच ब्रेक नसला की प्रत्येकाला माहीत असतं पुढचा अचानक थांबू शकत नाही. ऐकायला उलटं वाटतं पण ब्रेक नसणं हीच तिथली सेफ्टी आहे. थ्रॉटल अडकून बसला तर मात्र कठीण, म्हणून नंतर इंजिन बंद करायची दोरी आली, मनगटाला बांधलेली, माणूस पडला की दोरी ओढली जाऊन इंजिन गप.

तिरकी_सीट

हे जबरी आहे. म्हणजे सुरुवातीला रस्त्यावरच्या गाड्यांवरून अनावश्यक सगळं काढून टाकलं, मडगार्ड गेलं, दिवे गेले, त्यात ब्रेक पण गेले आणि कळलं की नाहीत तेच बरं. माझ्या मताला बळकटी येतेय.

व्रोत्सवाफचा_पावसाळा

नमस्कार, बराच काळ वाचनमात्र होतो, या धाग्यामुळे लॉगिन केलं, पासवर्ड आठवायला वीस मिनिटं गेली. मी पोलंडमध्ये व्रोत्सवाफला असतो, आयटी. इथे स्पीडवे म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट म्हणणार नाही, पण कोल्हापुरातला फुटबॉल जसा पेठेपेठेत तसं काहीतरी. इथे त्याला झुझेल म्हणतात. झुझेल म्हणजे भट्टीतून निघालेली राख, खंगर. म्हणजे खेळाचं नावच ट्रॅकवरून पडलंय, आता ट्रॅकवर राख नसते तरी नाव तेच.

ऑफिसातला एकजण मला पहिल्यांदा घेऊन गेला इथल्या ऑलिंपिक स्टेडियमवर. मला वाटलं बिअर पिणारी टोळकी असतील. तर शेजारी साधारण सत्तरीच्या आजी, मांडीवर छापील प्रोग्रॅम, हातात बॉलपेन. प्रत्येक हीट (म्हणजे चौघांची एक शर्यत) संपली की पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ असे आकडे चौकटीत भरायच्या, बेरीज करायच्या. रायडर ओळखायचा हेल्मेटच्या रंगावरून, लाल, निळा, पांढरा, पिवळा. मी पहिल्या वळणाच्या अगदी जवळ जागा बघून खूश होतो. पहिलीच हीट, चौघं वळणात शिरले आणि माझ्या चहात, कपाळावर, शर्टाच्या खिशात ओली लाल माती. आजींनी प्रोग्रॅम आधीच छातीशी धरला होता! माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या, मित्राने भाषांतर केलं, "नवीन दिसतोय".

आणि वास. तो वास मी आयुष्यात विसरणार नाही. गोडसर, तेलकट, जळका. मित्र म्हणाला कॅस्टर ऑइल.

आज्जीचा_बटवा

थांबा थांबा, कॅस्टर ऑइल म्हणजे एरंडेल??? आमच्या आजीने दर रविवारी नाक दाबून पाजलेलं एरंडेल मोटरसायकलच्या इंजिनात घालतात?

एकच_सिलेंडर

तेच एरंडेल. कॅस्ट्रॉल हे नाव आलंय कॅस्टरवरूनच, आणि त्यांचं कॅस्ट्रॉल आर हे रेसिंगचं तेल एरंडेलाचंच होतं. जळालेल्या एरंडेलाच्या वासावर म्हातारे झालेले लोक आहेत युरोपात, नुसत्या वासाने त्यांचे डोळे भरून येतात. कारण साधं आहे, प्रचंड गरम झाल्यावरही एरंडेलाचा थर तुटत नाही. त्या काळी साधी खनिज तेलं त्यापुढे पाण्यासारखी. खोड अशी की इंजिन पडून राहिलं की ते आत चिकटून लाखेसारखं होतं. म्हणून रेस झाली की इंजिन उघडायचं, पुसायचं. आणि तेल टाकीत परत येत नव्हतं, इंजिनात एकदा जायचं आणि बाहेर पडायचं, त्याला टोटल लॉस म्हणतात.

मोरीतला_बेडूक

एरंडेल घेतल्यावर टोटल लॉस होतोच. आम्हीही अनुभवलंय.

शेंगदाणा_लाडू

मेलो हसून 😂

आज्जीचा_बटवा

अवांतर पण खरं, पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही एरंडेलच होतं आणि ते फवारा होऊन पायलटच्या तोंडावर यायचं. पुढचा परिणाम घरातल्या स्त्रियांसमोर लिहीत नाही.

कुंदाताई_नाशिक

लिहा हो, एरंडेल आम्हीच पाजतो.

गणपुले_बिगरी_ते_मॅट्रिक

सगळं छान, पण हा खेळ म्हणायचा का? एक मिनिटात संपतं, डावीकडेच वळायचं, पहिल्या वळणावर जो पुढे तो बहुतेक जिंकणार. आमच्या वेळी शोलावरमला धावपट्टीवर रेस व्हायच्या, पोरं ट्रकवर गाड्या टाकून पुण्याहून मद्रासला जायची, त्यात गिअर बदलायचे, ब्रेक मारायचे, डोकं लागायचं. हे म्हणजे मौत का कुआँ आडवा केलेला.

व्रोत्सवाफचा_पावसाळा

काका, मी पण तसंच म्हणत होतो तिसऱ्या हीटपर्यंत. आणि पहिल्या वळणावर पुढे तो जिंकतो म्हणालात म्हणून १९३६ ची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप सांगतो, वेम्बली स्टेडियम, हजारो लोक. तिथे एक विचित्र नियम होता की आधीच्या फेऱ्यांतले बोनस पॉइंट फायनलला सोबत आणायचे. ऑस्ट्रेलियाचा ब्ल्यूई विल्किन्सन त्या रात्री एकही रेस हरला नाही, पाचच्या पाच जिंकला, आणि तरीही तिसरा आला! बोनस कमी पडले. वर बरोबरीत दोघं, ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग आणि इंग्लंडचा एरिक लँग्टन. मग दोघांचीच एक रेस. लँग्टनने सुटण्याआधीच सुरुवातीच्या रेषेवरची आडवी टेप तोडली, नियमाने तो बाद व्हायला हवा. व्हॅन प्राग म्हणाला मला असं फुकटचं नको, परत घ्या. परत घेतली, लँग्टन पहिल्या वळणावर पुढे, शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणापर्यंत पुढे, आणि तिथे आतून चाकभर जागा मिळाली त्यात व्हॅन प्राग घुसला. एका चाकापेक्षा कमी फरकाने जिंकला.

आता बोला काका.

काडीपेटी

त्या रेसबद्दल दोघांत आधीच बोलणी झाली होती अशी कुजबुज नंतर कितीतरी वर्षं चालली हे पण सांग की.

व्रोत्सवाफचा_पावसाळा

चाललीच. पण हा व्हॅन प्राग पुढे युद्धात वैमानिक झाला, १९४२ मध्ये त्याचं विमान पडलं, जखमी सहकाऱ्यांना धरून तीस तास समुद्रात तरंगत राहिला, शार्क होते, त्यासाठी शौर्याचं जॉर्ज मेडल मिळालं. असा माणूस रेस विकत घेईल का हे तूच ठरव.

काडीपेटी

शूर माणूस सौदा करत नाही असं कुठे आहे? इतिहास वाच. (पण गोष्ट भारी आहे, मान्य.)

गणपुले_बिगरी_ते_मॅट्रिक

बरं. पाचही जिंकून तिसरा, हे मात्र आमच्या बोर्डाच्या निकालासारखं झालं. त्या विल्किन्सनचं पुढे काय झालं?

हंटर_व्हॅलीतली_मावशी

१९३८ ला तोच वर्ल्ड चॅम्पियन झाला काका, तेही खांद्याच्या हाडाला दुखापत असताना पट्ट्या बांधून. आणि १९४० ला सिडनीत साध्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. ब्रेक असलेल्या गाडीवर.

कुंदाताई_नाशिक

अरेरे.

बायका नव्हत्या का यात? का नेहमीप्रमाणे?

हंटर_व्हॅलीतली_मावशी

होत्या आणि चांगल्या होत्या, म्हणूनच तर घोळ झाला. आयर्लंडची फे टेलर आणि यॉर्कशरची इव्हा अ‍ॅस्क्विथ. फे १९२८ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेस ट्रॅकवर पळवायला लागली, पुढच्या वर्षी इकडे ऑस्ट्रेलियाला आली आणि पर्थच्या क्लेअरमाँट ट्रॅकवर तिथल्या लाडक्या सिग श्लॅमला हरवून गेली. १९३० मध्ये इंग्लंडात बायकांना बंदी. कारण? धोकादायक आहे. जणू पुरुष पडल्यावर राख मऊ होत होती! फे मग मोटारींच्या रेसमध्ये गेली आणि तिथेही जिंकली. तिचं पुढचं राजकारण मात्र अजिबात आवडण्यासारखं नाही, फॅसिस्टांच्या नादी लागली आणि युद्धात तिला डांबून ठेवलं. पण हँडल धरायला उत्तम होती, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कुंदाताई_नाशिक

"जणू राख मऊ होत होती" हे वाक्य मी ढापणार आहे.

बैलगाडा_विनाकारण

पोलंडवाले दादा, आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धात पोलिश लोकांची छावणी होती, चारपाच वर्षं, पाचेक हजार माणसं. आमच्या आजोबांनी त्यांना भाजी विकलीय. तिकडे कोणाला माहितेय का?

व्रोत्सवाफचा_पावसाळा

हो! मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने "कोल्हापूर" असं स्वच्छ म्हणून दाखवलं होतं, मी उडालोच. पण याचा वेगळा धागा काढा, इथे राख थंड होईल.

एकच_सिलेंडर

गॅरेज बंद केलं, आता मूळ प्रश्नावर येतो. तिरकी_सीट, तुझं अर्धं बरोबर, अर्धं चूक. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

तू जी फिल्म बघितलीस त्यात नव्वद टक्के डग्लस असणार. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडची कंपनी. इंजिन दोन सिलेंडरचं, पण आडवं झोपलेलं, एक सिलेंडर पुढे तोंड करून, एक मागे. यामुळे दोन गोष्टी झाल्या. वजन खूप खाली आलं आणि गाडी लांब झाली. लांब आणि बुटकी गाडी घसरायला लागली की आरामात घसरते, झटका देत नाही, जशी लांब होडी वळते. १९२८ चे ट्रॅक मोठे होते, वर राखेचा जाड थर, त्यावर डग्लस म्हणजे लोण्यातून सुरी. तो लांबुडका अमेरिकन, स्प्राउट्स एल्डर, त्याचं टोपणनावच मोड आल्यासारखा उंच म्हणून पडलेलं, तो डग्लसवर पाय मागे फरफटवत अख्ख्या सरळ पट्ट्यावरसुद्धा आडवा जायचा. लोक त्याला बघायला यायचे, रेस बघायला नाही. १९२९ च्या एका सीझनला कंपनीने हजाराच्या वर डर्ट ट्रॅक गाड्या विकल्या. विचार करा, फक्त रेसच्या गाड्या, रस्त्यावर चालवताच येणार नाहीत अशा.

आणि दोनतीन वर्षांत डग्लस संपली! का? गाडी बिघडली नाही. जमीन बदलली. हा खेळ कुत्र्यांच्या रेसच्या स्टेडियममध्ये शिरला, फुटबॉलच्या मैदानांभोवती शिरला, ट्रॅक छोटे झाले, वळणं आवळली. दर आठवड्याला रेस, रात्रीत तीसतीस वेळा तीच चाकं त्याच जागी, राख उडून बाहेरच्या कडेला आणि आत खड्डे. त्यात लांब गाडी वळेना, खड्ड्यात आपटली की रायडर वर. मग रज (Rudge) नावाच्या कंपनीची चार व्हॉल्व्हची गाडी आली, ती आखूड. मग पाय मागे फरफटवायच्या ऐवजी डावा पाय पुढे टाकायचा, त्याला लोखंडी बूट बांधायचा म्हणजे तो जमिनीवर सरकतो, आणि उजवा गुडघा टाकीजवळच्या आकड्यात अडकवायचा. वजन पुढे, गाडी आखूड, लहान वळणात चपळ. दिसायला डग्लसइतकं देखणं नाही, पण जिंकायला हेच.

आता इंजिनिअरचा भाग, जो तू खाऊन टाकतोयस. १९३० मध्ये वॉल फिलिप्स आणि बिल ब्रॅग, लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिजचे रायडर (हो तेच, चेल्सी फुटबॉलवालं मैदान, तेव्हा तिथे स्पीडवे होता), ते गेले टॉटनहॅमला जॅपकडे. जॅप म्हणजे जपान नव्हे, जे. ए. प्रेस्टविच, मालकाच्या नावाची अक्षरं. या माणसाने तरुणपणी सिनेमाचे कॅमेरे आणि प्रोजेक्टर बनवलेले! तिथला डिझायनर स्टॅन ग्रीनिंग. त्यांनी मिळून या एकाच कामासाठी इंजिन बनवलं. एक सिलेंडर, ८० मिमी बोअर (सिलेंडरची रुंदी), ९९ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ४९८ सीसी, दोन व्हॉल्व्ह, हलकं, वर काही फॅन्सी नाही. पहिल्या सीझनपासून जे चाललं ते पुढची तीसेक वर्षं कोणी हलवू शकलं नाही. मोटरस्पोर्टमध्ये एवढा काळ एकच इंजिन राजा, दाखवा दुसरं उदाहरण.

का टिकलं? हवेवर थंड होणारं एक सिलेंडर, त्याला पेट्रोल घातलं तर एवढ्या कॉम्प्रेशनला ठोके देईल, पिस्टन वितळेल. म्हणून मेथॅनॉल. मेथॅनॉल वाफ होताना स्वतःच इंजिन गार करतं, पितं मात्र पेट्रोलच्या दुप्पट. पण मिनिटभराच्या रेसला तांब्याभर टाकी पुरते, मग पिऊ दे की. गिअर एकच, कारण बदलायला वेळ नाही. लांब स्ट्रोकमुळे थ्रॉटल हळू उघडला तरी चाक एकदम सुटत नाही, मनगटाला अंदाज येतो. ही शेवटची गोष्ट ड्रॉइंगवर दिसत नाही, ती फिलिप्ससारख्यालाच सांगता येते, आणि ती ऐकून धातूत उतरवणं ग्रीनिंगसारख्यालाच जमतं.

तेव्हा पोरं पडली म्हणून गाडी झाली हे खरं, पण टॉटनहॅमला त्यांचं ऐकून घेणारा माणूस होता म्हणून झाली. आमच्या गॅरेजात पण गिऱ्हाईक येतं, "दादा गाडी जरा असं असं करते" म्हणून हाताने दाखवतं. ते हाताने दाखवलेलं ज्याला कळतं तो मिस्त्री.

तिरकी_सीट

एकच_सिलेंडर, दंडवत. अर्धा चूक मान्य.

शेंगदाणा_लाडू

वाचनखूण साठवली. यावर वेगळा लेख टाका राव.

काडीपेटी

मग जॅप संपलं कसं? तीस वर्षांनी का होईना.

एकच_सिलेंडर

चेकोस्लोव्हाकियाच्या दिविशॉव्ह गावात एसो नावाचं इंजिन बनायला लागलं, यारोस्लाव सिमांड्ल नावाच्या रेसरनेच सुरू केलेलं. पुढे १९६४ मध्ये ते जावामध्ये सामील झालं आणि साठीच्या दशकातच त्याने जॅपला मागे टाकलं. हो, तीच जावा, जिची बहीण मैसूरला बनायची आणि ज्यावर आपले अर्धे काका लग्नाआधी फिरले. किकचाच गिअर होणारी. आपल्याला जावा म्हणजे धूर आणि डुगडुग, तिकडे जावा म्हणजे ब्रेक नसलेला राक्षस.

गणपुले_बिगरी_ते_मॅट्रिक

माझ्याकडे होती. ब्रेक असून नसल्यासारखेच होते, म्हणजे मीही स्पीडवे केलाय म्हणायचं.

व्रोत्सवाफचा_पावसाळा

काका आता लाईनवर आले 😄

एक टॉम फार्नडनचं नाव राहिलं म्हणून लिहितो. १९३३ चा स्टार चॅम्पियन (इंग्लंडातली तेव्हाची मोठी स्पर्धा), मोठमोठ्या रायडर्सना घाम फोडणारा. १९३५ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या न्यू क्रॉस ट्रॅकवर पुढचा रायडर पडला, हा त्याच्यावर आदळला, दोन दिवसांनी गेला. अजून पंचविशीही झाली नव्हती. वर सिलेंडरदादांनी "ब्रेक नाही हीच सेफ्टी" लिहिलंय ते खरंच आहे, पण पुढचा पडलाच तर काय, याला कोणाकडेच उत्तर नव्हतं.

एकच_सिलेंडर

बरोबर. मीही ते लिहायला हवं होतं.

तिरकी_सीट

धाग्याचा समारोप वगैरे नाही, फक्त अपडेट. काल संध्याकाळी भाच्याची जुनी सायकल घेऊन शाळेच्या मैदानावर गेलो. पाऊस पडून गेलेला, माती ओली. दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला गोलपोस्टजवळ डावीकडे वळताना मागचा ब्रेक दाबला, हँडल उजवीकडे दिलं. खरं सांगतो, एक सेकंदभर, कदाचित अर्धा, सायकल खरोखर आडवी चालत होती आणि मी तिच्यावर बसलेला होतो. मग नव्हतो. बायकोने गुडघ्याला हळद लावताना विचारलं की वय किती आपलं. भाचा म्हणतोय मामा परत कर, मी व्हिडिओ चालू करायला विसरलो.

एकच_सिलेंडर

कुठला गुडघा?

तिरकी_सीट

डावा.

एकच_सिलेंडर

मग बरोबर पडलास.